आमच्या डॉक्टरीणबाईंसाठी पद्म पुरस्काराचा अर्ज भरला, त्याची गोष्ट

२५ जानेवारी २०२४, गुरुवार. दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनाची तयारी उरकून मी शाळेतून उशिरा घरी आले होते. रात्री मोबाईलवर पद्म पुरस्कारांची यादी आली, ती आईला वाचून दाखवत होते. वैद्यक क्षेत्रात नारायणगावच्या डॉ. मनोहर डोळे यांचं नाव आलं तशी आई म्हणाली, "खेड्यात राहून काम केलेल्या माणसाला दिलं, लई बरं झालं. आपल्या बाईंचं नाव कुणी धाडलंय का गं?"

मला माहीत नव्हतं. नाव कोण पाठवतं, कुठे पाठवतं, हेही माहीत नव्हतं. त्या एका प्रश्नापुढे माझं जवळजवळ सव्वा वर्ष गेलं. ते इथे तारीखवार लिहून ठेवते आहे. तुमच्याही गावात अशा कुणी बाई, कुणी गुरुजी असतील आणि त्यांच्यासाठी अर्ज करावा असं वाटत असेल, तर माझे जे दिवस नुसते शोधण्यात गेले ते तुमचे वाचावेत.

मी सांगोला तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आई अंगणवाडी सेविका होती. बाईंचं नाव मी लिहिणार नाही, ती त्यांचीच अट आहे. गाव त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतं, त्यांचे विद्यार्थी मॅडम म्हणतात. शेजारच्या वाडीतल्या शेतकऱ्याची ही मुलगी १९६५ साली सरकारी मेडिकल कॉलेजात गेली. १९७२ च्या दुष्काळात त्या नव्या डॉक्टर होत्या. खडी फोडणाऱ्या बायकांच्या लेकरांना सुकडी वाटायची आणि त्याच रांगेत कोणाचं पोर सुकत चाललंय ते टिपायचं, हे काम त्यांनी केलं. पुढे सगळे जण बाळंतपणाची किंवा शस्त्रक्रियेची डिग्री घे म्हणत असताना त्यांनी पीएसएम घेतलं, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र. त्या काळी हा विषय घेणाऱ्याला "मार्क कमी पडले का?" असं विचारायचे. त्या व्याख्याता झाल्या, विभागप्रमुख झाल्या आणि शेवटी अधिष्ठाता होऊन २००६ साली निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्याला न जाता गावातल्या जुन्या वाड्यात ओपीडी उघडली. सकाळी नऊ ते एक. केसपेपर वीस रुपये.

अधिष्ठाता असतानाही त्यांनी एक गोष्ट सोडली नाही. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांना आमच्या भागातल्या सात गावांत आणायच्या आणि प्रत्येकाला पाच घरं वाटून द्यायच्या. त्या घरात कोण आजारी आहे, पाणी कुठून येतं, सून किती महिन्यांची आहे, हे त्या विद्यार्थ्यानं शिक्षण संपेपर्यंत वहीत लिहायचं. विद्यार्थ्यांनी कुटुंबं दत्तक घ्यावीत हे २०२२ पासून देशभरातल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आलं. आमच्या घराला असा पहिला विद्यार्थी मिळाला तेव्हा मी चौथीत होते. तो मला एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ मोजायला शिकवायचा. जलसंजीवनी हा शब्द मी त्याच्याकडून शिकले.

फेब्रुवारीत एका रविवारी मी वाड्यावर गेले. नियम वाचून कळलं होतं की ज्याच्यासाठी अर्ज करायचा त्याला विचारलंच पाहिजे असं बंधन नाही. तरी विचारा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कागद त्यांच्याकडेच असतात हे एक. आणि आपल्या मागे आपल्याबद्दल काय लिहिलं गेलं हे पुढे कळलं तर माणूस दुखावू शकतो, हे दुसरं.

बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, त्या कामाचा मी दर महिन्याला पगार घेतलाय."

मी म्हटलं, "पगार कॉलेजचा होता बाई. सात गावांचा नव्हता."

"गावं कॉलेजच्याच कामात होती." एवढं बोलून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. मी उठून आले. पुढचे दोन रविवारही तसेच गेले. चौथ्या वेळी आई बरोबर आली. आई काही बोलली नाही, नुसती त्यांच्याजवळ बाकावर बसून राहिली. निघताना बाई म्हणाल्या, "लिहायचं तर लिही. पण विद्यार्थ्यांनी केलेलं माझ्या नावावर घालायचं नाही, पुढाऱ्याचं पत्र आणायचं नाही आणि मी वाचल्याशिवाय काही पाठवायचं नाही." या तीन अटींमुळे पुढे माझी खूप धावपळ झाली, आणि त्या अटींमुळेच अर्ज खरा उतरला.

आता कामाची माहिती. पद्म पुरस्कारासाठी कोणीही नागरिक कोणाचंही नाव सुचवू शकतो, स्वतःचंही. अर्ज केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर फक्त ऑनलाईन भरतात. शुल्क नाही. २०२५ च्या पुरस्कारांसाठी अर्ज १ मे ते १५ सप्टेंबर २०२४ या काळात घेतले. या तारखा दर वर्षी त्याच नसतात, म्हणून फेब्रुवारीपासून पोर्टलवर नजर ठेवा. सरकारी नोकरीत असलेल्यांना हा पुरस्कार मिळत नाही, पण डॉक्टर आणि शास्त्रज्ञांना त्यातून सूट आहे. मरणोत्तर सहसा देत नाहीत, त्यामुळे "पुढच्या वर्षी बघू" म्हणत बसू नका. पुरस्काराबरोबर पैसे नसतात, रेल्वे-विमानाची सवलत नसते, नावाच्या मागेपुढे तो लावताही येत नाही. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक, एवढंच. आलेल्या नावांचा विचार पंतप्रधानांनी दर वर्षी नेमलेली समिती करते. तिचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव असतात, गृहसचिव आणि राष्ट्रपतींचे सचिव असतात, शिवाय चार ते सहा मान्यवर.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की एप्रिलमध्ये एका ओळखीच्याच्या ओळखीचा फोन आला. दिल्लीत आपली माणसं आहेत, पंचवीस हजारांत फाईल "वरती" ठेवता येईल, असं तो म्हणाला. मी नको म्हटलं. तुम्हालाही असा फोन येईल. सरळ ठेवून द्या.

१ मे ला पोर्टल उघडलं, पण मला हात लावता आला नाही. आमच्याकडे लोकसभेचं मतदान ७ मे ला होतं आणि मी मतदान केंद्रावर होते. खातं उघडायला १२ मे उजाडला. मोबाईलवर ओटीपी येतो, आपली माहिती भरायची, मग कोणता पुरस्कार ते निवडायचं. अर्धवट अर्ज जतन करून ठेवता येतो, ही फार मोठी सोय आहे. पहिल्या बैठकीत मी फक्त बाईंचं नाव आणि जन्मतारीख भरायला बसले आणि तिथेच अडले.

नाव: पदवीवर माहेरचं, मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीवर आणि आधारवर सासरचं. जन्मतारीख: आधारवर १ जून. बाई म्हणाल्या, "आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनच आहे. मास्तरांनी शाळेत घालताना लावून टाकली. आई सांगायची, नागपंचमीला झालीस." मी आधारप्रमाणेच सगळं भरलं. नावासाठी त्यांनी १९७६ साली राजपत्रात छापून घेतलेल्या नावबदलाची प्रत सापडली, ती जोडली. तुम्ही जुन्या पिढीतल्या बाईंसाठी अर्ज करत असाल तर पहिल्याच दिवशी हे दोन कागद शोधा. नंतर कामाच्या घाईत ते सापडत नाहीत.

मग क्षेत्र. यादीत वैद्यक आहे, समाजकार्य आहे, साहित्य आणि शिक्षणही आहे. बाई तिन्हीत बसतात. मला वाटत होतं समाजकार्य लिहावं, कारण गावात त्यांची ओळख तीच आहे. आमच्या ज्युनिअर कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांचं म्हणणं शिक्षण. यावर आठ दिवस चर्चा झाली. शेवटी बाईंनाच विचारलं. "मी डॉक्टर आहे," त्या म्हणाल्या. "पीएसएम हे वैद्यकशास्त्रच आहे, हे सांगण्यात माझी नोकरी गेली. आता तू मला दुसऱ्या रकान्यात घालणार का?" वैद्यक लिहिलं.

अर्जाचा जीव म्हणजे त्यातलं कार्यवर्णन, कमाल आठशे शब्दांचं. नियमांत स्पष्ट म्हटलंय की नुसत्या प्रदीर्घ सेवेसाठी हा पुरस्कार नाही. म्हणजे "चाळीस वर्षं सेवा केली" या वाक्याला तिथे किंमत नाही. चाळीस वर्षांत काय झालं ते हवं, आणि त्याला कागद हवा.

कागद कुठे होते? थोडे बाईंच्या लोखंडी ट्रंकेत. विद्यार्थ्यांच्या त्या घरभेटींच्या चौदा वह्या निघाल्या, त्यांतल्या पाचांना वाळवी लागलेली. नोकरीचे आदेश, बदल्या, कोणत्या साली कोणतं पद, हे त्यांच्याकडे सलग नव्हतं. म्हणून १० जूनला बाईंच्याच सहीनं कॉलेजकडे माहितीच्या अधिकारात अर्ज केला: स्वतःच्या सेवापुस्तकाची प्रत आणि सात गावांच्या प्रकल्पाचे वार्षिक अहवाल. दुसऱ्याच्या सेवापुस्तकाची माहिती आपल्याला वैयक्तिक म्हणून नाकारतात, त्यामुळे अर्ज त्या व्यक्तीच्याच नावानं करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना), स्पीड पोस्ट. उत्तराची मुदत तीस दिवस.

तीस दिवस उलटले. मी दोनदा एसटीनं सोलापूरला जाऊन आले. पहिल्या खेपेला संबंधित लिपिक रजेवर होते, दुसऱ्या खेपेला आषाढीची वारी तोंडावर आलेली. १७ जुलैची एकादशी, निम्मी आरोग्य यंत्रणा पंढरपूरच्या वाटेवर. ते काम मोठं आहे हे मला कळत होतं, तरी त्या बाकावर बसून रडू येत होतं. २२ जुलैला उत्तर आलं. सेवापुस्तकाची चौतीस पानं, दोन रुपये पानाप्रमाणे अडुसष्ट रुपये भरून मिळाली. प्रकल्पाच्या अहवालांबद्दल एक ओळ होती: तळघरात पाणी शिरल्यानं १९९० पूर्वीचे अभिलेख उपलब्ध नाहीत.

१९९० पूर्वीचे. म्हणजे ज्या वर्षांत सगळ्यात जास्त काम झालं, तीच वर्षं.

त्या रात्री मी बाईंच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकायला सांगितलं. दोन दिवसांत साठ-सत्तर उत्तरं आली. सगळ्यांत एकच मजकूर: मॅडम आमचं दैवत, मॅडमसारख्या मॅडमच. वाचताना फार छान वाटलं, पण अर्जात घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग मी चार प्रश्न पाठवले. कोणत्या साली, कोणत्या गावात होता? तिथे तुम्ही स्वतः काय केलं? त्या वेळचा एखादा कागद, फोटो, वही आहे का? आज तुम्ही काय करता, आणि त्यात इथलं काय वापरता? याला उत्तरं आली फक्त अकरा, पण एकेक उत्तर दोन-तीन पानांचं. एक जण विदर्भात जिल्हा शल्यचिकित्सक होऊन निवृत्त झाले आहेत. त्यांनी पायविहिरीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बायकांचा फोटो पाठवला. घागरीच्या तोंडावर दुहेरी कापड, बाजूला हातात कापड धरून बाई उभ्या. फोटोच्या मागे "नारू, १९८४" असं लिहिलेलं.

नारू ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पायऱ्या उतरून ज्या विहिरीत पाणी भरतात तिथे नारू झालेला माणूस पाय बुडवतो, जंताची पिल्लं पाण्यात जातात, बारीक पाणकिड्याच्या पोटात वाढतात आणि ते पाणी प्यायलेल्याच्या पायातून वर्षभरानं हातभर लांबीचा जंत बाहेर येतो. माझ्या आजीच्या पोटरीवर त्याचा व्रण होता. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढायचे. औषध नव्हतं, लस नव्हती. पाणी गाळा, पायविहिरीला कठडा बांधून रहाट लावा, पाण्यात औषध टाका, एवढाच उपाय. हा अख्खा रोग देशातून गेला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

साहजिकच माझ्या पहिल्या मसुद्यात वाक्य होतं: "त्यांनी परिसरातून नारूचं उच्चाटन केलं."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मसुदा घेऊन वाड्यावर गेले. तेवीसशे शब्द झाले होते. बाईंनी लाल पेन घेतलं. नारूच्या वाक्यावर सरळ रेघ. "१९८३-८४ पासून राष्ट्रीय कार्यक्रम होता. सात राज्यांत माणसं राबत होती. आम्ही आमच्या सात गावांत कापड वाटलं आणि विहिरी मोजल्या. तेवढंच लिही." पुढे "हजारो मातांचे प्राण वाचवले" असं होतं. तिथे पेन थांबलं.

"किती हजार?"

मी गप्प.

"हे बघ, तू मास्तरीण आहेस, अपूर्णांक शिकवतेस. अंश सांगतेस, छेद कुठाय?" मला कळलं नाही हे बघून त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात आडवी रेघ मारली. "किती बायका दगावल्या, हे वर. किती बाळंतपणांत दगावल्या, हे खाली. खालचं माहीत नसेल तर वरचं जास्त की कमी, हे कुणाला सांगता येणार? वाचवल्या म्हणणं तर त्याच्याही पुढचं. त्याला शेजारच्या सात गावांचा आकडा लागेल."

मी आत्तापर्यंत मानपत्रं खूप लिहिली आहेत. शाळेत निरोप समारंभ आला की ते काम माझ्याकडे येतं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की बाईंच्या कामाचा मान त्यांच्याच विषयाच्या रीतीनं ठेवायला हवा. ज्यांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांना मोजायला शिकवलं, त्यांच्या अर्जात न मोजलेला एकही शब्द नको. घरी येऊन तेवीसशे शब्द बाजूला ठेवले आणि कोऱ्या कागदावर सुरुवात केली.

याच सुमाराला सरपंचांनी सुचवलं की ग्रामसभेचा ठराव जोडू. अर्जाला तो सक्तीचा नाही, पण गावाचं म्हणणं कागदावर यावं असं मलाही वाटत होतं. पुढाऱ्याचं पत्र नको या अटीत ग्रामसभा बसत नाही, हे बाईंनीही मान्य केलं. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा भरली. तुम्हीही ठराव करणार असाल तर विषय आधी विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा. ऐनवेळच्या विषयांत घातला की घाईत उरकतात.

ठराव मी लिहून दिला होता. ग्रामसेवक वाचू लागले: "...त्यांच्या देखरेखीखाली १९८३ ते १९८९ या काळात सात गावांत एकही माता प्रसूतीत दगावली नाही..." हे मी आईच्या आठवणीवरून लिहिलं होतं. आईच्या गावात खरंच तसं होतं.

मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. शेजारच्या वाडीचे, काठी टेकत उभे राहिले. "आमची बहीण गेली की वो," ते म्हणाले. "शहाऐंशीच्या पावसात. वढ्याला पानी आल्तं. गाडीत घालून आणली, बैल काय पान्यात उतरंनात." सभा शांत झाली. "बाई पलीकडच्या काठाला हुत्या. कंदील घिऊन रातभर हुब्या हुत्या. ओरडून सांगत हुत्या काय करायचं ते. पहाटं गेली ती. त्ये बी लिवा."

तेव्हा १०८ ची गाडी नव्हती, ओढ्यावर पूल नव्हता. मी उठून ठराव मागे घेतला आणि तिथेच दुरुस्त केला. मग अजून एक बाळंतीण आठवली, धनुर्वातानं गेलेली. दोन. ग्रामसेवकांनी दोन असं लिहिलं. सूचक म्हणून त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी अंगठा दिला, अनुमोदक आई. नंतर तासभर बायका एकेक उठून बोलत होत्या, इतिवृत्तात मावणार नाही इतकं. बाई सभेला आल्या नव्हत्या. संध्याकाळी मी ठराव वाचून दाखवला. ओढ्याच्या काठापाशी आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. मग विचारलं, "तिच्या भावानं सांगितलं?" मी हो म्हटलं. "त्या रात्रीनंतर मी विद्यार्थ्यांच्या वहीत एक रकाना वाढवला. आठव्या महिन्यापासून पावसाळ्यात बाई ओढ्याच्या अलीकडे आणून ठेवायची. हे लिहिलंस तर चालेल."

तो रकाना वह्यांत खरोखर आहे. वाळवी लागलेल्या वहीतही दिसतो. अर्जातलं सगळ्यात चांगलं वाक्य त्यातून निघालं.

पण छेद मिळाला नव्हता. दोन मृत्यू किती बाळंतपणांत, याचा हिशेब कॉलेजच्या त्या भिजलेल्या अहवालांत होता. मी ग्रामपंचायतींचे जन्मनोंदीचे रजिस्टर बघितले. त्या काळी घरी झालेली निम्मी बाळंतपणं नोंदलेलीच नव्हती. शेवटी तो आकडा नसताना अर्ज पाठवायचं ठरलं. आठशे शब्दांत मातामृत्यूबद्दल आम्ही एवढंच म्हटलं की रकाना कसा आला आणि पुढे काय नियम झाला. सरांनी इंग्रजी करून दिलं, सातशे ब्याऐंशी शब्द. बाईंनी तीन ठिकाणी विशेषणं काढली, सातशे पंचाहत्तर राहिले.

५ सप्टेंबर, शिक्षक दिन. शाळा सुटल्यावर सायबर कॅफेत बसले. दोन दिवसांवर गणपती, बाहेर सजावटीच्या दुकानांची गर्दी. सेवापुस्तकातली निवडक पानं, राजपत्र, फोटो, रकाना असलेलं वहीचं पान, ठराव आणि त्याचा इंग्रजी अनुवाद, एवढं जोडलं. सगळी चौदा वह्यांची पानं जोडायचा मोह होतो, तो टाळा. वाचणाऱ्यापुढे अशी हजारो नावं असतात. तीनदा साईट बंद पडली. सव्वासातला अर्ज गेला, पोचक्रमांक आला. पोचपावतीच्या दोन प्रती काढून एक बाईंना नेऊन दिली. त्यांनी ती ब्लडप्रेशरच्या यंत्राच्या डब्यात ठेवली.

एकूण खर्च दोन हजार एकशे चाळीस रुपये. त्यात सर्वात मोठा वाटा एसटी-रिक्षाचा आणि स्कॅनिंगचा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून तेवढ्यात भागलं. स्कॅनिंग एकदाच, चांगलं आणि सरळ करून घ्या. माझं दोनदा झालं.

त्यानंतर काहीही घडत नाही, याची तयारी ठेवा. फोन येत नाही, पत्र येत नाही. निवड झाली तरच कळवतात. डिसेंबरमध्ये अनोळखी नंबर दिसला की माझं काळीज धडधडायचं. २५ जानेवारी २०२५ ला, शनिवारी, यादी आली. एकशे एकोणचाळीस नावं. नागपूरचे डॉ. विलास डांगरे होते, बारीपाड्याचे चैतराम पवार होते. मी यादी तीनदा वाचली. बाई नव्हत्या.

खूप वाईट वाटलं. हे लपवत नाही. वर्षभर जे पोटात धरलं होतं ते असं एका यादीत संपलं. आई रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर धीर करून वाड्यावर गेले, तर ओपीडी चालू. २६ जानेवारीलाही. बाईंनी मला बसवलं, चहा दिला आणि चैतराम पवारांच्या जंगलाबद्दलच बोलत राहिल्या. किती हेक्टर राखलं, पाणी किती वर आलं, हे त्यांना पाठ होतं. निघताना म्हणाल्या, "छेद नव्हता गं आपल्याकडे." मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या की खरंच तसं वाटत होतं, सांगता येणार नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस एक ईमेल आला. माझ्या चार प्रश्नांना आदल्या जुलैत उत्तर न दिलेल्या एका विद्यार्थ्याचा. ते आता नाशिकला असतात. घर बदलताना माळ्यावरून त्यांचा १९९० चा एमडीचा प्रबंध सापडला होता. मार्गदर्शक म्हणून बाईंचं नाव, विषय सात गावांतली गरोदर स्त्रियांची नोंदणी. भिजून गेलेल्या अहवालांतले आकडे त्यांनी त्या वेळी हातानं उतरवून घेतले होते, गाववार, वर्षवार. त्यांनी झेरॉक्स स्पीड पोस्टनं पाठवली, ११ मार्चला मिळाली. २०२६ च्या पुरस्कारांसाठी पोर्टल १५ मार्चला उघडणार होतं. मी अर्ज नव्यानं भरायचं ठरवलं.

१६ मार्चला रविवार होता. तक्ता घेऊन वाड्यावर गेले. ओपीडी संपत आली होती, दोन पेशंट बाकी. बाईंनी त्यांना तपासलं, हात धुतले आणि मग तक्ता पुढे ओढला. पेन्सिल घेऊन एकेका गावाखाली बेरीज करू लागल्या. चौथ्या गावाशी थांबल्या, परत वरून सुरू केलं. १९८६ च्या ओळीवर बोट जरा वेळ राहिलं. शेवटच्या रकान्याखाली रेघ मारून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"बेरीज बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आता लिही."